फुटाला एक सूत

चाळीस वर्षं मी लाकडात अशा वस्तू केल्या
ज्या लाकडाच्या कुणालाच नको होत्या.
पंपाचं पोट. चरकाचा दात. मोटारीचं बूड.
उद्यमनगरच्या भट्टीवर
माझा नमुना काळ्या वाळूत दाबायचे,
हलक्या हातानं उचलून घ्यायचे
आणि मागं राहिलेल्या पोकळीत बीड ओतायचे.
गिऱ्हाईक बीड घेऊन जायचं.
माझं लाकूड माळ्यावर, अंगावर नंबर टाकून.

बीड निवताना आटतं. फुटाला एक सूत.
म्हणून आमची पट्टीच निराळी,
तिचा फूट जगाच्या फुटाहून एक सूत मोठा.
हसन उस्ताद म्हणायचे,
आपण खोटं मोजायचं पोरा,
तवा वस्तू खरी उतरती.

आता दुधाळीतल्या या खोलीत
मी नाव बांधतोय.
अकरा फूट लांब, मधे चार फूट रुंद.
दार चार फूट दोन सूत.
आधी दार मोजलं, मग नाव काढली.
इतकी अक्कल आहे मला.

गल्ली विचारते, पुरासाठी व्हय मिस्त्री?
मी व्हय म्हणतो. सोपं पडतं.
भूपाल मगदूम दारात उभा राहून
दर वेळी तेच सांगतो,
त्या साली चिखलीची त्याची आत्या
गुळाच्या काहिलीत बसून पाण्यातनं आली,
काहील गोल गोल फिरत होती
आणि आत्या मांडीवर शिवणयंत्र धरून बसलेली.
मी रंधा मारत राहतो.
पुराचा आणि या नावेचा संबंध नाही
हे त्याला कशाला सांगू.
मला एकदा लाकडाचीच वस्तू करायची होती.

फळी वाकवायला पत्र्याचा पाईप,
खाली स्टोव्ह, तोंडाला ओलं पोतं.
वाफेतनं काढली की थोडाच वेळ ती ऐकते.
तेवढ्यात एका हातानं वाकवायची,
दुसऱ्या हातानं शिकंजा आवळायचा,
आणि तिसरा हात नसतो.
तिथं मी गुडघा लावला. गुडघ्यावर अजून डाग आहे.
तीन फळ्या मोडल्या. चौथी वाकली,
तेव्हा खोलीत सांगायला कोणी नव्हतं,
म्हणून स्टोव्ह बंद करून
तिच्याकडं बघत नुसता बसलो.

तांब्याचे खिळे, सांध्यात काथ्या, वर राळ.
दिवाळीच्या आदल्या दिवशी
नाव दारापर्यंत सरकवली आणि अडली.
दोन सूत.
बाजारची पट्टी आणून मोजलं:
चार फूट चार सूत.

हाताला सवयीची तीच पट्टी गावली होती.
अख्खी नाव मी
आटायच्या हिशेबानं वाढवून बांधली होती,
आणि लाकूड कुठं आटतंय.
उंबऱ्यावर बसून एकटाच हसलो.
उस्ताद असते तर थोबाडीत दिली असती,
आणि मग तेही हसले असते.

एकट्यानं बांधता येते.
आडवी एकट्यानं करता येत नाही.
बंडा गवळी धार सोडून आला, भूपाल आला,
अडलेली म्हैस वळवावी तशी
बंडानं तिला कुशीवर घेतली,
हळू हळू, तोंडानं च् च् करत,
आणि ती बाहेर आली.

नवीन नाव आधी पाणी पिते.
गल्लीतच चार विटांवर ठेवून
नळ आल्यावर पाइपानं भरली.
सगळ्या सांध्यांतनं गळायला लागली.
भूपालचा चेहरा पडला.
म्हटलं थांब. बीड आटतं,
लाकूड फुगतं. रातभर पिऊ दे.

पहाटे कंदील नाही, बॅटरी घेऊन खाली वाकलो.
एकाच सांध्याला थेंब,
तोही लोंबत, पडू की नको करत.
वर कसला तरी आवाज.
बंडाची म्हैस कडेवर मान टाकून
नावेतलं पाणी पीत होती,
सावकाश, आपलंच असल्यागत.

मी तिला हाकललं नाही.
नदी कुठं पळून चालली आहे.